खाट वळली न्हाय

जरा मोठ्यानं बोल, पोरी. माझे कान लूमनं, कापड विणायच्या मागानं, खाल्लेत, डावा तर पारच गेलाय, झोपताना तोच वर असायचा. तू विचार, मी सांगते, पण मधे मधे अरेरे, बिचारी असलं करू नकोस, मला त्याचा वैताग येतो.

मी अकलोलीची. आमच्याकडं गरम पाण्याची कुंडं, लांबून माणसं अंग शेकायला यायची आणि आम्ही त्याच पाण्यात भांडी घासायचो. चौथी शिकले, पुढं आई म्हणाली भात कोण लावणार, झालं. लग्न होऊन इथं आले. धामणकर नाक्यापासून आत चालत यायचं, तेव्हा इथं सासऱ्याची भाताची शेतं होती, घराला पडवी, पडवीपुढं खळं, आणि खळ्यापर्यंत बैलगाडी यायची. माझी वरात बैलगाडीतनंच आली, थेट दारात. आज दारात उभं राहून बघितलंस तर खरं वाटणार न्हाय.

मग जिकडं तिकडं कारखाने व्हायला लागले. सत्तर साल उलटलं असेल. शेतं गेली, बैल विकले, आणि सासरा म्हणाला बैल न्हाय तर गाडीवाट कशाला ठेवायची, म्हणून खळं आणि गाडीवाट दोन्ही एका शेठला लूमच्या शेडसाठी देऊन टाकली. मी पदर सावरून म्हटलं, मामा, माणसांनी कुठनं जायचं? तर म्हणाला, सूनबाय, माणूस काय बैलाएवढा रुंद असतो का? सगळे हसले. मीपण हसले, बोलायचाच तो तसा.

शेठनं शेड बांधली ती आमच्या पडवीला खेटून. शेड आणि शेजारच्याची भिंत यांच्यामधे उरली ती एक बोळ. घरातनं निघायचं, शेडची भिंत हाताशी धरून सरळ जायचं, मग भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात वळायचं आणि रस्त्याला लागायचं. समोरून कोण आलं तर एकानं पाल होऊन भिंतीला चिकटायचं. ऊन बंद झालं. वारा बंद झाला. भिंतीपलीकडं लूम, दिवसपाळी, रातपाळी, खटक खटक खटक, फळीवरची भांडी आपोआप सरकून पडायची. कापसाची पुसं, बारीक तंतू, भाकरीवर, पाण्यात, पोरांच्या नाकात. सासू खोकायची आणि म्हणायची, थोरलीनं फोडणीत मिरच्या जास्त टाकल्या. थोरली म्हणजे मी. शेडमधनं पुसं येतात हे तिला मान्य न्हवतं, कारण शेड तिच्याच नवऱ्यानं येऊ दिलेली.

त्या कोपऱ्यावर पहिला अडकला तो सासराच. मेला, तिरडी बांधली, चौघांनी उचलली, आणि कोपऱ्यावर तिरडी वळेना. पुढं न्हाय, मागं न्हाय. शेवटी दोऱ्या घट्ट आवळून तिरडी उभी केली आणि सासऱ्याला उभ्यानं कोपरा पार करवला. मान एका बाजूला पडलेली, जसा काय भिंतीकडं बघतोय. कोणीतरी मागनं म्हणालं, म्हातारा आपली विकलेली जागा बघून घेतोय. तेव्हापासून आमच्या बोळीतलं मढं उभंच जायचं. आणि सासूच्या डोक्यात पक्कं बसलं की त्या कोपऱ्यावरनं बांधून उभा जातो तो मेलेलाच.

आता हिराचं सांगते. हिरा माझी धाकटी जाऊ. बारीक, काळीसावळी, तोंडाळ. मी एक बोलले तर ती दोन बोलायची, पाणी भरण्यावरनं आमची रोज जुंपायची, आणि दुपारी दोघी एकाच ताटलीत चिंचेचा कोळ चाटायचो. तिचं पहिलंच बाळंतपण. सुईणीनं हात लावून बघितलं आणि तोंड कसंनुसं केलं. म्हणाली, पोर आडवं आलंय, हात बाहेर आलाय, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय, दवाखान्यात न्या, आणि काय सांगते ते ऐका, हिला वाकवू नका, दुमडू नका, झोळीत तर घालूच नका.

माझा नवरा धावत नाक्यावर गेला, टांगा घेऊन आला. टांगा रस्त्यावर उभा राहिला, बोळीच्या तोंडाला, त्याच्या पुढं तो येणार कसा? आम्ही हिराला खाटेवर घातली. पुढं तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, आणि शेजारचा एक, मागं मी आणि माझा नवरा. भर दुपार, लूम चालू, एकमेकांचं बोलणं ऐकू येत न्हवतं, फक्त तोंडं हलताना दिसायची. कोपऱ्यावर आलो आणि खाट वळेना. तिरपी केली, खाली घेतली, वर घेतली, भिंतीचा गिलावा खरवडला, माझी बोटं सोलली. टांगेवाला चाचा रस्त्यावरनं ओरडत होता, अरे बांधो उसको, खडी करो, दो मिनट का काम है. सुईण मागनं म्हणाली, सरळ बांधून क्षणभर उभी केली तर चालेल, करा, पण लवकर करा. मी दोरी आणायला वळले.

आणि खाटेच्या पुढं चालणारी सासू मागं वळून कोपऱ्यावर उभी राहिली, दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावून. म्हणाली, जिती सून बांधून उभी न्यायची न्हाय, मेल्यासारखी. माझ्या घरात असला अपशकुन व्हायचा न्हाय. मी म्हटलं, आत्याबाय, बाजूला व्हा. तर म्हणाली, तुला जावेचं वाईटच व्हायला पाहिजे. हिरा खाटेवरनं म्हणाली, वैनी, मला उभी करा, काय पण करा. दीर आईच्या तोंडाकडं बघत उभा. मी त्याला शिव्या दिल्या, आईबहिणीवरनं दिल्या, तो म्हणाला, आई काय म्हणते ते बघा ना.

माझा नवरा खाट टेकवून मागच्या दारानं शेडमधे गेला, जॉबरला, म्हणजे तिथल्या मुकादमाला, म्हणाला, कोपऱ्याच्या चार विटा काढू दे. जॉबर म्हणाला, सेठ खाना खाने गए हैं, उनको पूछे बिना ईंट को हाथ नहीं लगाने का. मग नवरा म्हणाला, आतनं जाऊ दे. जॉबर म्हणाला, दोन लूमच्या मधे माणूस तिरका जातो, खाट कुठनं नेणार, शिफ्ट चालू आहे.

हिरा कोपऱ्यावरच गेली. पोर आतच. शेठ जेवून आला तेव्हा टांगेवाला घोड्याला चारा घालत बसला होता.

मग तिला बांधली आणि उभी केली. आता सासूची हरकत न्हवती. हिराचं पोट कोपऱ्याला घासलं, पातळाचा धागा विटेत अडकून राहिला. दिरानं पुढनं धरली होती. आता त्याला आईला विचारावं लागलं न्हाय.

त्याच वर्षी शेठनं जास्तीच्या लूम आणल्या, जुन्या विकत घेतलेल्या, जोडलेल्याच. हमालांनी बोळीतनं मागच्या दारानं ढकलायला घेतल्या, कोपऱ्यावर अडकल्या. जॉबर म्हणाला, सेठ, खोल के ले जाते हैं. शेठ म्हणाला, खोलेगा, फिर जोडेगा, मेरी शिफ्ट कौन भरेगा? दीवार तोड. सकाळी घण मारले, दुपारच्या जेवणाआधी कोपरा मोकळा. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. सासू म्हणाली, बरं झालं, आता उजेड येईल. मी सूप तिच्या अंगावर फेकलं. नवऱ्यानं मला मारलं. मारू दे.

कोपरा रुंद झाला तशी टेम्पो आत यायला लागले, धूर थेट चुलीपर्यंत. दिराची दुसरी बायको आली ती टांग्यातनं दारापर्यंत आली. आणि काही वर्षांनी सासू मेली ती आडवी गेली, आरामात, कोणाचा हात भिंतीला लागला न्हाय. तेवढ्यापुरतं मला देवाचं काही कळेनासं झालं.

आता परत बघ, तीच अरुंद बोळ. शेठच्या नातवानं शेड पाडून माळे चढवलेत, जिना बोळीत उतरवलाय, खाली मोटरसायकली. मी मुलाला सांगून ठेवलंय, मला उभीच बांधा, माझी ना न्हाय, फक्त तोंड भिंतीकडं करू नका.

तू कुठं राहतेस म्हणालीस? काल्हेरला, चौथ्या माळ्यावर? लिफ्ट हाय? त्यात खाट मावते का? बघितलं न्हाईस ना. कोण बघत न्हाय. जिन्याचं वळण बघ आज घरी गेल्यावर, हातात खाट हाय असं धरून नवऱ्याला एका टोकाला उभं कर आणि बघ. आणि हसू नकोस, मला दिसतंय तुझं पोट. सुखरूप सुट, बाई. गाडी तुझ्या दारापर्यंत येऊ दे, आणि येताना दोघं परत या.