सोडलेल्या गाठी

बेटावरून परतणाऱ्या बोटीसाठी रांग लागली होती. मावशींना दुसऱ्यांचं ऐकायची हौस नव्हती, पण पुढचं जोडपं इतकं जवळ, की कान बंद करणार कसे?

"देऊळ झालं, चर्च झालं, दर्गा झाला. आता तोंड का पाडलंस?"

"दर्ग्यात डोक्यावर घ्यायला काही नव्हतं ना, म्हणून जाळीला बांधलेली ओढणी घेतली. वाटलं, येणाऱ्यांसाठीच ठेवलीय."

"मग? परत बांधलीस ना?"

"बांधली. पण तिला गाठी होत्या. टोचत होत्या, म्हणून आधीच सोडल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. निघताना एक बाई दुसऱ्या ओढणीला गाठ मारताना दिसली. डोळे मिटून, पुटपुटत. तेव्हा कळलं."

"मग मारायच्या पुन्हा."

"मारल्या रे. पण कोणी काय मागितलं होतं, मला काय ठाऊक? नुसत्याच मारल्या."

"जाऊ दे. कोणाला कळणार आहे?"

"हळू बोल. लाज वाटतेय मला."

मावशींनी विचारलं, "हिरवी होती का ओढणी?"

"हो. का हो?"

"काही नाही. लेकीचं ऑपरेशन आहे उद्या." मावशींनी पिशवी उचलली आणि त्या रांगेतून दर्ग्याच्या वाटेला वळल्या.

"मावशी, मी येते तुमच्याबरोबर."

"नको बाळा. शेवटची बोट आहे, तुमची चुकेल."