राजाची सून

बाळकुमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नीरजा आपल्या नंबराची वाट बघत होती. भिंतीवरच्या टीव्हीत कुठल्याशा परदेशी राजाची सून तान्हं बाळ घेऊन उभी होती, समोर शंभर कॅमेरे. नीरजाच्या बाजूला दोन बायका बोलत होत्या, चष्मा लावलेल्या सुमतीबाई आणि कोळीवाड्यातल्या शेवंतीबाई.

"सहा तासांची बाळंतीण हो ही! उंच टाचांत उभी केलीय."

"आमच्यात बारा दिस बाहेरचं कोण बघत नाय बाळाला."

"आणि नऊ महिने तिच्या पोटावर जगाची नजर."

"मी पण तसलीच. मागल्या वर्षी सुनेला दिवस गेले, तर मी दुसऱ्याच महिन्यात गावभर सांगून आली. मंग ते राहिलं नाय. तरी बाया तिलाच विचारायच्या, कितवा लागला?"

"अरेरे! आज कुणाला आणलंत?"

"तिलाच. थायरॉइड दाखवायचाय, बोलली."

"इथं? थायरॉइड?"

"काल सुकट भाजली, तर नाक दाबून पळाली. मला समजलं. पण ती सांगंल तवाच मला माहीत."

दार उघडलं. शेवंतीबाईंची सून वर्षाली ओढणीखाली फाइल धरून बाहेर आली.

"आई, चला. सगळं नॉर्मल आहे."

"थायरॉइड ना? बरं झालं बाय. दे ती पिशवी. आनी रिक्षा बघ."

"एवढ्याशासाठी रिक्षा? तुम्ही तर डोक्यावर पाटी घेऊन बाजारात चालत जाता!"

"आज माझे गुडघे दुखतात."