रुफोला सोबत

चिलीतल्या व्हालपाराइसो शहरात, टेकडीवरच्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात पाच खुर्च्या, तीन माणसं, एक मांजर आणि एक कुत्रा होता. मांजरवाल्या यास्नाला शेजारच्या नवराबायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

"महिना झाला, रुफो ताटलीला तोंड लावत नाही. एकटा पडलाय बिचारा. दुसरा कुत्रा आणू या, एल्बा."

"एकटा? दिवसभर टेकडीवर उंडारतो. काल बेकरीपाशी एका बाईनं त्याला 'कापितान' म्हणून हाक मारली."

"दुसऱ्या कुत्र्याला मारली असेल."

"शेपूट हलवत आपलाच गेला."

"तुला कुत्र्याचाही संशय!"

"तुझाही आहे. पिल्लू आधीच ठरवून आलायस ना, ओस्वाल्दो?"

"बघून तरी घे गं. रुफो खंगत चाललाय."

डॉक्टरीणबाईंनी रुफोला काट्यावर उभं केलं. गेल्या महिन्यात तो चोवीस किलो होता. आज अठ्ठावीस भरला.