सहा आठवड्यांचा दाखला

हॅलो? … कोण? … आशाताई व्हय! नंबर नवा दिसला म्हून वळखलं नाय. … तुमच्या सत्यमचा फोन हाय का. बरं बरं. … नाय हो, थोरल्या जाऊबाईचा फोन आल्यावर कसलं काम? मशीनवर बसले होते, दोन ब्लाउजांचे हुक राहिलेत. ते राहू द्या. बोला.

… हो, हो… संस्कृतीचा खेळ उद्याच हाय. गारखेड्याला, स्टेडियमवर. नऊला या म्हणलेत सर.

… कोण कोण? … बारा जण? … जीप ठरवली बी? कुणाची? … रामकिसनभाऊची. हां, मंग गंगापूरहून तासाभरात येताल. …

नाय हो ताई, नको कामून म्हणीन? पण ऊन बगा ना किती हाय. स्टेडियमवर सावली नाय कुठं. … छत्र्या आणता. बरं. … पण कापूस वेचायचे दिवस, वावर सोडून कसं… … झाली पहिली वेचणी? सगळी? … एवढ्या लवकर कशी झाली औंदा?

… आवाज असा घुमायला कामून तुमचा? हिरीत बसून बोलायलात का? … रेंज. व्हय, गावाकडं तसंच हाय.

आत्याबाई बी येणारेत? … अवं ताई, आपली सासू काय आता पंचवीसची हाय का? त्या जीपमधी हाडं खिळखिळी व्हतील त्यांची. … त्यांनीच धरलाय हट्ट? मंग झालं. त्यांच्या पुढं कुणाचं चाललंय. … अंबाडा घातला का त्यांचा आज? … तुम्हीच ना? म्हणजे काय. अठरा वर्षं झाली मला ह्या घरात येऊन, मी गावाकडं असले की मी घालायचा, नायतर तुम्ही. स्वतःच्या हातानं घातलेला म्या तं एकदा बघितला नाय. पाटावर बसायचं, फणी मागं सरकवायची, राणीसाहेबावानी. सासूपण दुसरं काय असतंय… काय झालं ताई? खोकला कामून लागला एकदम? … पाणी प्या आधी.

… संस्कृती? हाय की घरात. … नाय, झोपली नाय. खोलीत बसलीय. … आतून कडी लावून. … रुसलीय जराशी. पोरींचं काय, घटकंत ऊन घटकंत सावली.

… नाय ताई. खेळणार नाय ती उद्या. म्हणजे… बहुतेक नाय. … अवं तेच तं मघापासून सांगायलेय, नका येऊ. … खांदा. … झाले, झाले सहा आठवडे, मला माहीत हाय झाले. … सत्यमचा बी खांदाच व्हता. अन् सहा आठवड्यांत तो पळाया लागला. माहीत हाय हो, सगळ्या गंगापूरला माहीत हाय. … नाय, लाडावून नाय ठेवलं मी. … दुखणं तेच हाय. तंतोतंत तेच. पण…

आता कसं सांगू तुम्हाला. … तुम्ही एकट्याच हाव ना तिथं? … आत्याबाई कुठंयत? … गोठ्याकडं. नक्की ना? … मंग ऐका. पण ताई, पोटात ठेवायचं.

संस्कृती फुटबॉल खेळत नाय.

… अवं ऐका ना… खेळती, खेळती. पण ते नाय. रग्बी खेळती. … रग्बी. … ते बी फुटबॉलच्याच भावकीतलं हाय, पण वाटणी येगळी झालेली. बॉल बगलेत दाबून पळायचं. अन् समोरचीनं येऊन कंबरंला मिठी मारून खाली पाडायचं. … खाली म्हणजे जमिनीवर. … नाय, भांडण नाय, खेळच तसा हाय. सर शिट्टी घेऊन हुबे असतात की. … दोन वर्षं झाली. … तो बॉल, व्हय. दिवाळीत बघितला व्हता तुम्ही. लांबुळका. … मीच म्हणले होते, हवा गेलीय म्हून. … अन् आत्याबाईनं सत्यमला पंप आणाया पिटाळलं. मला सगळं आठवतंय, हसू नका ताई. घंटाभर हवा भरत बसलं व्हतं लेकरू, तरी तो गोल होईना.

… कामून म्हणजे? तुमचा सत्यम फुटबॉल खेळतो म्हणलं तवा आत्याबाई गल्लीभर सांगत हिंडल्या का नाय? मला वाटलं, हिला बी त्याच दावणीला बांधावं. रग्बी म्हणले असते, तं पोरीची जात, मातीत लोळाया लागली, हात-पाय मोडले तं कोण करील लगीन… माझं डोकं खाल्लं असतं त्यांनी. म्हून एक खोटं बोलले. मंग त्याच्या मागं लेंढार लागलं.

… तेच सांगतेय, दवाखान्याचं. हिचा खांदा निखळला तवा आत्याबाई हितंच नव्हत्या का, डोळे दाखवाया आलेल्या? बसल्या रिक्षात आमच्या संगं. दवाखान्यातल्या बाईनं फॉर्म दिला. नाव, वय, खेळ कोणता. अन् बाकड्यावर खेटून आत्याबाई. त्यांना वाचता येतं, माहीत हाय ना तुम्हाला, दुकानाच्या पाट्या सोडत नाहीत त्या. मी काय लिहिणार? … फुटबॉल लिहिलं. डॉक्टरनं बी खांदा बसवला, फॉर्म बघितला अन् दाखला दिला, सहा आठवड्यांनी खेळू शकते. सही, शिक्का.

… मला बी असंच वाटलं ताई. खांदा तो खांदा, त्याला काय कळतंय कोणता खेळ ते. पण परवा तिला फिजिओकडं नेली. … व्यायाम करून घेतात त्या, सावनी मॅडम. मॅडमनं हात वर करून बघितला, खूश झाल्या, म्हणल्या, पळ आता बिनघोर. तं आमचं ध्यान म्हणतंय, मॅडम, पडायचं कसं ते बी दाखवा ना. दोघी जणी कंबरंला लटकल्या की मी ह्याच खांद्यावर पडते.

… मॅडमनं फाइल मिटली. माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, फुटबॉलमध्ये कंबरेला कोण लटकतं?

… मंग काय, सांगितलं सगळं. रागावल्या नाहीत. फोनमधी तक्ता दाखवला ह्या एवढ्या लांबीचा. म्हणल्या, ही सगळी भावंडं हायत. आपलं पायाचं, हिचं रग्बी, अमेरिकेतलं ते जाळीची टोपी घालून खेळायचं, ऑस्ट्रेलियातलं एकमेकांच्या अंगावर चढून बॉल झेलायचं. दुखणं एकच, पण ज्याच्या त्याच्या खेळावर दिवस येगळे. सत्यमला पळाया पाय लागतात, त्याचं सहा आठवड्यांत भागलं. तोच गोलकीपर असता तं त्याला बी थांबावं लागलं असतं. हिला तं खांद्यावरच पडायचं अन् खांद्यानंच धडकायचं. … चार-पाच महिने. … आठवडे नाय ताई, महिने.

… अन् उलटं बी असतं म्हणल्या. मांडीची शीर ताणली असती, तं सत्यमला जास्त दिवस लागले असते, किक मारायची ना. रग्बीतल्या एखाद्या धिप्पाड गड्याचं त्यामानानं लवकर जमतं. … व्हय, तसंच. माझं मनगट मुरगळलं तं मशीन चालती पायानं, पण भाकर थापता येत नाय. … आता कळलं ना?

… तसंच खेळली तं? परत निखळल म्हणल्या. ह्या वयात एकदा सैल पडला ना खांदा, की मंग झोपंत कूस बदलली तरी भ्या असतं.

… अवं तेच तं घोडं अडलंय. तो जुना दाखला माझ्यापाशी हाय. पिठाच्या डब्याखाली ठिवलाय. त्याच्यावर खेळाचं नाव बी नाय, नुसतं खेळू शकते. सर बघतील अन् उतरवतील तिला. उद्या राज्याच्या संघाची निवड हाय, जिल्ह्यातून दोनच पोरी घेणार म्हणतात. … व्हय, हिचं नाव पुढं हाय.

… काय म्हणणार? सकाळी चहा पितापिता म्हणली, आई, तू तुझ्यापायी दोन वर्षं खोटं बोललीस, आता एक दिवस माझ्यापायी बोल. अन् गेली आत, लावली कडी. … पोरगी खरंच बोलली ताई. खोटं काय व्हतं त्यात? … ह्यांना विचारलं. हे म्हणले, फॉर्म तू लिहिलास, तूच निस्तर. अन् गेले वाळूजला कामावर.

… काय ठरवलं? काहीच नाय ठरवलं, तुम्हाला खरं सांगते. दाखला हातात घेऊन दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दोनदा माघारी आले. पोरगी जिंकावी वाटतं अन् तिचा खांदा बी राहावा वाटतं. लई जीव घाबरा झालाय ताई. …

ताई? … हॅलो?

… कोण?

… आत्याबाई?

… तुम्ही गोठ्याकडं… … कवापासून? … पहिल्यापासून. … स्पीकरवर. … म्हून घुमत व्हता आवाज. … राणीसाहेब बी ऐकलं तुम्ही. … आशाताई, तुमचा तो खोकला मी उद्या काढते.

… नाय आत्याबाई. … व्हय, चुकले. … व्हय, हवा गेली म्हणले होते. … व्हय, पंपाचं बी चुकलं. …

… काय? … पडली तवा? … बॉल? … नाय सोडला. सर मागून सांगत होते मला, खांदा जागचा सुटलेला अन् बॉल पोटाशी तसाच. दोघींनी बोटं उकलली तवा निघाला. … तुमच्यावरच गेलीय, दुसऱ्या कुणावर जाईल? … हसा. मला हितं रडू यायलंय अन् तुम्ही हसा.

… बोला, ऐकतेय. … कवा म्हणता? … हे रांगत होते तवा. … बैल बुजला. … गाडीवरून खाली. … उजवाच. … अन् मंग दवाखाना? … कडुबानं बसवला, हाडं बसवायचा तो. … आठव्या दिवशी वावरात? आत्याबाई, आठव्या? … कापूस फुटलेला, माणूस मिळंना. … मंग परत निखळला. … तिसऱ्यांदा बी.

… म्हून.

… म्हून हात वर जात नाय तुमचा.

… अठरा वर्षं, आत्याबाई. अठरा वर्षं मी तुमचा अंबाडा घालतेय अन् मनात काय काय म्हणतेय. मनात तरी कुठं, मघाशी तोंडानं बी म्हणले. … सांगायचं ना एकदा तरी. … त्यात लाज कसली? … सून हसंल म्हून? मला सासूपण वाटलं ते चाललं, अन् दुखणं कळलं असतं तं नसतं चाललं? … ताई, तुम्हाला माहीत व्हतं? … नव्हतं. बगा.

… नाय, नाय रडत. बोला तुम्ही.

… तिला देऊ? दार उघडंना ना ती. … बरं. फटीला धरते फोन. थांबा. …

संस्कृती, आज्जी हाय फोनवर. … नाय, रागवत नाय. बोलू नको तं नको, नुसतं ऐक. … आत्याबाई, बोला आता, मोठ्यानं बोला.

…

…

…

… कडी वाजली.

आत्याबाई, उघडलं बगा दार. डोळे लाल केलेत, पण उघडलं. काय म्हणलात हो तिला? … तुमचं तुमच्यात. बरं. … आता स्वयंपाकघरात चाललीय. … थांबा… पिठाचा डबा उचलायलीय. सरळ तोच उचलला. आत्याबाई, हिला माहीत व्हतं दाखला कुठं हाय ते. परवापासून माहीत व्हतं. अन् घेतला नाय. … व्हय. माझ्याच हातानं पाहिजे व्हता तिला. …

… आणून दिला मला. … नाय, फाडत नाय. डॉक्टरकडं नेते अन् दुसरा लिहून आणते. रग्बी, मोठ्या अक्षरात. माझ्या हातानं लिहीन फॉर्म.

… उद्या? … तरी येता? ती काठावर बसणार तरी? … तो खेळ कसा असतो ते बघाया. … बारा बी जण. … या मंग. छत्र्या आणा पण, सावली नाय ते खरंच म्हणले होते.

… हां, ती विचारतीय, संक्रांत झाल्यावर ती उतरली मैदानात, तं परत येईल का जीप. … एकेक जण बोला, सगळे एकदम नका बोलू. … येती म्हणले गं. सगळे येतेत म्हणले.

… अन् आत्याबाई, उद्या केस मोकळेच ठिवून निघा. … व्हय, नुसते बांधून. फणी हाय हितं. मॅडमनं सांगितलंय, संस्कृतीनं रोज हात वर न्यायचा, हळूहळू, वीस-पंचवीस डाव. तुम्ही जरा उंच खुर्चीवर बसा, ती मागं हुबी राहील. एका अंबाड्यात व्यायाम होतोय तिचा. …

जातो की. पार डोक्याच्या वर जातो तिचा हात. … उद्या बगाच. … हां. ठेवते.