मुलुंडच्या विहिणीचं उत्तर

श्वेता : ...आणि भर हॉलमध्ये 'पर्शीत भरल्यान चार'! माइकवर, आत्या!

विमला : माइक मी मागूक नाय. तुझ्या बापाशीन हातात दिल्यान.

श्वेता : बाबांनी आभार मानायला दिला होता.

विमला : मग आभारच मानलंय. आमच्यात असेच मानतत.

श्वेता : यार, होणारी सासू आहे ती माझी! साखरपुड्यात कोणी सासूला मोदकचोर म्हणतं का?

विमला : चोर खय म्हटलंय गो? थांब, परत म्हणान दाखवतंय.

श्वेता : नको, आत्या. नको ना!

विमला : 'पानात घेतल्यान मोदक एक, पर्शीत भरल्यान चार,
घोवाक म्हणता, चला बेगीन, बंद करतीत दार!'

श्वेता : झालं? चोरच झालं ना हे? वर नवऱ्यालाही सामील केलंस!

विमला : बाय माझ्या, ह्या गाणा मी तुझ्या सासूसाठी जोडूक नाय. माझी आये म्हणायची ह्या. ती 'वटयेत भरल्यान' म्हणायची. आता मुंबयच्या विहिणींका पदराची वटी खय आसता, म्हणान मी पर्स केलंय. कुडाळाकडे सगळ्या विहिणींका ह्याच ऐकवतत. तुझ्या आवशीच्या आवशीक पण ऐकवला. तिणा काय केल्यान म्हायत आसा? पानावरसून उठली, कमरेक पदर खोचल्यान नि आमच्या अख्ख्या खानदानाक भिकारी म्हणाली. तालात!

श्वेता : आजी कुडाळची होती. वसुधाकाकू मुलुंडच्या आहेत. त्यांच्यात विहिणीला पुष्पगुच्छ देतात.

विमला : साखरेचा तेवढा मात्र तिच्यासाठीच जोडलंय हां. खोटा कशाक बोलू?

श्वेता : ते तर विसरलेच होते मी. देवा!

विमला : 'मुलुंडची विहीण इली, गाडयेतसून उतारली,
सोलकढी चाखून म्हणता, साखर कित्याक इसारली?'
सोलकढीत साखर मागल्यान गो ती! माझ्या ह्या कानांनी ऐकलंय. मी गप बसू?

श्वेता : हो! गप बसायचं होतं! देवव्रत म्हणतो, रविवारपासून आई नीट बोलत नाहीये. काय झालं विचारलं तर 'काही नाही रे' म्हणते. आणि आज सकाळी म्हणाली, मी एकटीच विक्रोळीला जाऊन येते, विमलाताईंशी बोलायचंय. आत्या, वाट लागलीये माझी. अजून त्या घरात पाऊल नाही टाकलं, तोवर वाट लागलीये.

विमला : येव दे तिका. चाय करतंय.

श्वेता : चहा नंतर. आधी सॉरी म्हणायचं. आणि लग्नात एकही गाणं म्हणायचं नाही. माझी शप्पथ घे.

विमला : सॉरी म्हणतंय. पण लग्नात... एकय नाय?

श्वेता : एकही नाही. डीजे सांगितलाय बाबांनी.

विमला : डीजेक काय म्हायत तुझी सासू कोण ती?

श्वेता : तेच तर बरंय ना! आत्या, अशी तोंड पाडून बसू नकोस. तुझी सगळी गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवते. झकास राहतील.

विमला : तुझो मोबाइल उलटा बोलता?

श्वेता : म्हणजे?

विमला : म्हणजे गाणा ह्या अर्धाच आसता गो. आमी म्हणायचा, मग विहिणीन आमका उलटा म्हणायचा. तेव्हा पुरा होता. मुंबयत इल्यापासून मी अर्धाच म्हणतंय. लोका हसतत. टाळ्ये वाजवतत. हात वर करून शुटिंग काढतत. टाळ्यांचा काय मी लोणचा घालू? उलटा कोण म्हणणा नाय. आता ह्या घरात लगीन होवचा रवला ता तुझाच. तुझ्या मागे कोण चेडू नाय. म्हटलंय, निदान ह्या एका लग्नात पोटभर गावया. जाव दे. तुझो संसार मोठो. एकय नाय म्हणणंय.

श्वेता : आत्या, असं नको ना बोलू. मला कसंतरी होतंय... बेल! आली ती. सॉरी लक्षात ठेव. आणि हस. एवढं नको, थोडंसंच.

(श्वेता दार उघडते. वसुधा आत येते.)

वसुधा : येऊ ना? रिक्षावाल्याने अख्खी विक्रोळी दाखवली मला. श्वेता, तू ऑफिसला नाही गेलीस?

श्वेता : हाफ डे घेतला, काकू. बसा ना. पंखा वाढवू?

विमला : बसा, विहीणबाई. पाणी घेवा. आणि ता परवाचा गाणा... सॉरी हां.

वसुधा : विमलाताई, आधी मला बोलू द्या. मी मुलुंडपासून मनात जुळवत आलेय, मध्ये थांबले तर जमायचं नाही. मला फक्त एवढंच सांगा, तुम्हाला कोणी सांगितलं?

विमला : काय सांगितला?

वसुधा : मोदकांचं.

श्वेता : कसले मोदक, काकू?

वसुधा : आणि चार नव्हते हो. तीनच होते. चौथा पर्सच्या चेनमध्ये अडकून फुटला.

विमला : अगो बाय गो!

वसुधा : यांना शुगर निघाल्यापासून आमच्या घरात गोड शिजत नाही. यांच्यासमोर खायचं म्हणजे माझ्याही घशाखाली उतरत नाही. आणि तुमचे मोदक इतके सुरेख, कळ्या कशा नाजूक! म्हटलं, हे संध्याकाळी फिरायला गेले की ओट्यापाशी उभ्याने खाईन. टिश्यूत गुंडाळले, पर्स बंद केली, आणि तुम्ही माइकवर सुरू! मला वाटलं हॉलमध्ये कॅमेरा आहे. लाजेने मेल्यासारखं झालं मला. त्या दिवसापासून यांच्या नजरेला नजर देत नाहीये मी.

श्वेता : म्हणून गप्प होतात तुम्ही? आणि मला वाटलं लग्न मोडतंय!

विमला : विहीणबाई, अहो, ता गाणा सगळ्यांकाच म्हणतत! जुना गाणा ता! कोण मोदक नेता नि कोण नाय, आमका काय म्हायत?

वसुधा : सगळ्यांना? म्हणजे मी आत्ता उगाचच कबूल केलं?

विमला : इतक्या लग्नांत गायलंय, पण गाण्यातली विहीण खरी गावली ती आजच!

श्वेता : काकू, मी कोणाला नाही सांगणार. देवव्रतला पण नाही. आत्या, हसणं बंद कर! ठसका लागेल.

वसुधा : हसू दे गं त्यांना. ते मोदकांचं तर मिटलं. पण मी आले ती आणखी एका कामाने. त्या दिवशी तुमचं गाणं संपलं, तसा सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. तुमच्याकडच्या एक आजी होत्या, हिरव्या लुगड्यातल्या...

श्वेता : जयंतीआजी.

वसुधा : त्या म्हणाल्या, 'आता तुमचा होव दे.' मला काही समजेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, 'धन्यवाद. फार छान कार्यक्रम झाला.'

विमला : होय तर. म्हटलात खरा.

वसुधा : त्या आजींचं तोंड असं उतरलं! घरी जाताना लक्षात आलं, काहीतरी द्यायचं होतं आणि मी दिलं नाही. काल आमच्या शेजारच्या सामंतवहिनींना विचारलं, त्या तुमच्या कुडाळकडच्याच, तेव्हा उलगडा झाला. विमलाताई, मला तुम्हाला उलट म्हणायचंय. लग्नात, सगळ्यांसमोर. शिकवाल?

श्वेता : काकू, नक्की ना? डीजे आहे आपल्याकडे...

वसुधा : तू थांब गं जरा.

विमला : माझ्यावरचा गाणा मीच शिकवू? लोका काय म्हणतीत?

वसुधा : मग जाऊ कोणाकडे? आमचं गाव विचाराल तर मुलुंड. यांच्या आजोबांपासून तिथेच. आमच्याकडे मंगलाष्टकं आहेत, गाणी नाहीत हो. मी आपली एक केलीय. म्हणू?

विमला : म्हणा म्हणा.

वसुधा : 'विक्रोळीच्या विमलाताई, स्वभाव त्यांचा छान,
पाहुण्यांचा राखती त्या मनापासून मान.'

विमला : ह्या काय? मी रिटायर होतंय?

श्वेता : काकू, शिवी पाहिजे. प्रॉपर.

वसुधा : शिवी? अगं, मी रिक्षावाल्यालाही 'अहो' म्हणते!

विमला : तशी शिवी नाय, विहीणबाई. माझ्या जाग्याक नावा ठेवा. मी तुमच्या मुलुंडाक ठेवलंय, तशी. आता माझ्या घरात बसलात ना? काय वाईट दिसला, सांगा.

वसुधा : छे, छे. किती छान ठेवलंय घर.

विमला : खरा!

वसुधा : म्हणजे... खिडकीतून जरा खाडीचा वास येतोय. आणि डास. मघापासून माझे पाय फोडून खाल्लेत.

विमला : मग ताच म्हणा ना! तालात!

वसुधा : 'विक्रोळीची विहीण गाते, खाडीचा येतो वास...'

विमला : फुडे!

वसुधा : 'मोठ्ठा केला आ तिने अन्... आत गेले डास!'

श्वेता : ओ हो हो! काकू! कडक! आत्या, ऐकलंस? आत्या? अगं, रडतेस काय?

वसुधा : लागलं का हो? मी जास्त बोलले. त्या डासांचं काढून टाकू आपण.

विमला : खबरदार, डास काढलात तर! लागला. बरा लागला. किती वर्सा झाली, माका कोणी असा बोलूक नाय. परत एकदा म्हणा, विहीणबाई. तोंड उघडून.

वसुधा : म्हणेन. लग्नात म्हणेन. पण एकटीचा आवाज तो केवढा? आमच्या बायका नुसत्या टाळ्या वाजवतील.

श्वेता : एकटी कशाला? मी आहे ना. आणि डीजेला सांगते, पंगत बसली की बंद ठेव. पण आत्या, मी कोणाच्या बाजूने म्हणायचं?

विमला : मंगळसूत्र गळ्यात पडासर आमच्या.

श्वेता : आणि पडल्यावर?

विमला : मग हिच्या बाजूने. माझ्यावर. आणि जोरात म्हण, बाय. माका आता कमी ऐकू येता.