जप्त केलेल्या बरणीला हवा मिळण्याबाबत

मी, अरविंद सदाशिव टिपणीस, वय ७४ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त, रा. पारिजात सोसायटी, बेलापूर, नवी मुंबई, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी नंदिनी दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगी सई द्रोणागिरीला सासरी असून तिला सातवा महिना आहे.

मी तळोजा येथे एन्झाइमच्या कारखान्यात नोकरीस होतो. टाकीत जीवाणू वाढवायचे, त्यांना स्टार्च खायला घालायचे. तो पचवायला ते जे एन्झाइम सोडतात, ते गाळून घ्यायचे. त्याने कापडाची खळ, म्हणजे कांजी, सुटते. नंदिनी रोज भाताची पेज गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालत असे. निवृत्तीनंतर मी त्या कुंडीतल्या मातीतून असेच जीवाणू वेगळे केले. तेव्हापासून ते स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत आहेत. पेजेवरच वाढतात. कुंडी इमारतीच्या रंगकामात खाली नेली, ती परत आली नाही.

आज सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मितेश घरत पोलिसांना घेऊन आले. माशांच्या टाकीचा पंप बरणीत हवा सोडत होता व वर फेस होता. मितेश म्हणाले, "काका, वास जिन्यापर्यंत येतो. आमच्या गावात हातभट्टी होती, मला नका शिकवू." हवालदार रंजिता मॅडम यांनी विचारले, "आजोबा, चढते का ही?" मी म्हणालो, "फक्त भाताला." हे उत्तर लिहून घेऊ नये अशी विनंती केली, ती मान्य झाली नाही.

बरणीचे झाकण घट्ट लावून लाखेने सील करण्यात आले. या जीवाणूंना हवा लागते, कोंडले तर जातील, आणि दुसरीकडे कुठे ते नाहीत, असे मी तेथेच सांगितले. त्यावर मितेश म्हणाले, "मग आपण फिनेल कशाला आणतो?"

हे घरी कशासाठी, असे ठाण्यात आल्यावर तेथील साहेबांनी विचारले. नंदिनीच्या सुती साड्यांची सईच्या बाळासाठी गोधडी करायची आहे. नंदिनीची कांजी कडक असे, बाळाला टोचेल. पाचपैकी चार साड्या या एन्झाइममध्ये भिजवून मऊ केल्या. ढवळताना मी चौथीतली एक कविता म्हणतो. ती संपली की हात थांबवायचा, घड्याळ लागत नाही. कविता जबाबात घेण्याचे कारण नाही असे साहेबांनी सांगितले. दोन कडवी मात्र ऐकून घेतली.

कांजी गरम पाण्यानेही जाते, मग हा खटाटोप का, असे विचारले. जाते. पण हे जीवाणू नंदिनीच्याच पेजेवर वाढलेले आहेत. त्यांनी खाल्लेली बरी.

पाचवी साडी अद्याप का भिजवली नाही, असे विचारले. ती निळी आहे. तिने स्वतः कांजी केलेली ती शेवटची. घडी अजून उभी राहते. याहून अधिक सांगायचे नाही.

साहेबांनी पंचांसमक्ष सील काढून नमुना घेतला व झाकणाऐवजी बरणीच्या तोंडाला मलमलीचे कापड बांधून त्यावर सील केले. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत बरणी ठाण्यातच राहील. ती खिडकीत ठेवली आहे. रंजिता मॅडम यांनी विचारले, "आजोबा, कापडावरून पेज ओतली तर चालते ना?" चालते.

तोपर्यंत निळी साडी तशीच राहील. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. कविता वगळता तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करीत आहे.