आले दोघे

(टोंगा बेटांतलं निआफू बंदर. परदेशी होड्यांवरच्या माणसांची नोंद ठेवणारी कचेरी. टेबलापुढे दोन खुर्च्या. एकीवर सिग्नीबाई, दुसरी रिकामी. टेबलामागे अधिकारी सेमिसी.)

सेमिसी : एक लिहून नाही चालायचं, सिग्नीबाई. होडी नीउए बेटाहून आली तेव्हा तुम्ही दोघं होतात. जातानाही दोघंच. दोन्ही पासपोर्टांवर शिक्के मीच मारलेत.

सिग्नी : आज मुदत संपतेय, सेमिसी. वादळांचे दिवस तोंडावर आलेत, मला न्यूझीलंड गाठायचंय. एक लिहा आणि सोडा मला.

सेमिसी : कप्तान तुम्ही. आणलेलं माणूस परत न्यायचं, नाहीतर रीतसर होडीवरून उतरवायचं. नवरा म्हणजे काय केळ्यांचा घड आहे, राहिला तर राहिला धक्क्यावर? कुठायत ओद्वार?

सिग्नी : समुद्रात गेला. इथे पोचायच्या दोन रात्री आधी.

सेमिसी : आधी?

सिग्नी : पहाऱ्याची पाळी माझी होती. दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता, झोप लागली. उठले तर होडी आपली आपण चाललेली, आणि तो नाही. दिवसभर मागे-पुढे शोधलं. इथे तुम्ही पासपोर्ट मागितलेत, मी सवयीने दोन्ही ठेवले. तुम्ही दोन्हींवर शिक्के मारलेत. वाटलं, कागदावर तरी आहे तो. महिनाभर तेवढ्यावर जगले. चुकलं माझं. काय शिक्षा असेल ती द्या.

सेमिसी : बाई, एकवीस वर्षं इथे बसतोय. चेहरा बघितल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. सख्खा मेहुणा आला तरी टोपी काढायला लावतो.

सिग्नी : म्हणजे?

सेमिसी : तुमच्या शेजारीच बसले होते ते. नखशिखांत भिजलेले. शहाळं फोडून दिलं, प्यायले नाहीत. तुम्ही त्यांच्याशी चकार शब्द बोलला नाहीत. म्हटलं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. त्या दिवसापासून या खुर्चीखालची फरशी सुकत नाही. पुसून पुसून दमलो.

सिग्नी : असल्या गोष्टीची थट्टा नको हो.

सेमिसी : हा येतानाचा अर्ज. कोणी भरला?

सिग्नी : मीच. त्याच्या सहीची जागा तेवढी कोरी सोडली. धीर झाला नाही.

सेमिसी : आता बघा.

सिग्नी : ...त्याचीच आहे. डावखुरी. शेवटचं अक्षर असंच खाली ओढतो. शाई फुटलीय.

सेमिसी : हात ओला होता ना. तुम्ही पाणी प्यायला बाहेर गेलात तेव्हा केली. खाली तुमच्या भाषेत काहीतरी लिहिलंय. मला काय कळणार? वाचा.

सिग्नी : 'पाळी माझी होती.' ...खोटं आहे! पाळी माझीच होती. असाच आहे मेला. भांडं मी फोडलं तरी म्हणायचा, माझ्या हातून पडलं.

सेमिसी : मग आता सांगा, काय लिहू? दोघं लिहिलं तर ते तुमच्याबरोबर येतील. यादीतलं माणूस होडी सोडू शकत नाही. उतरवलंत तर मोकळे. पण त्याला सही कप्तानाचीच लागते, आणि इथला कोणी जामीन.

सिग्नी : त्याला कोण जामीन राहणार?

सेमिसी : मी राहतो. चर्चच्या मागे, टेकडीवर, आमच्या आजोबांच्या कबरीशेजारी जागा आहे. वर पांढरी वाळू घालू. डोक्याशी टांगायला माझी बायको गोधडी शिवेल. आमच्यात कोणाला उघडं ठेवत नाहीत.

सिग्नी : थंडी फार वाजते त्याला.

सेमिसी : मग जाड शिवायला सांगतो.

सिग्नी : द्या पेन. ...झाली सही. ओद्वार, तू उतर आता. पाळी संपली तुझी.

सेमिसी : होडीवर माणसं किती लिहू, कप्तानबाई?

सिग्नी : एक.

सेमिसी : हा घ्या परवाना.

सिग्नी : सेमिसी, फरशी ओलीच आहे अजून.

सेमिसी : असू दे. तुम्ही भरती गाठा. आता सुकेल ती.